पाचव्या वर्षाचे भाडे

भाड्याचे घर शोधताना आपण एकच आकडा विचारतो: महिन्याला किती? डिपॉझिट किती, हा त्याचा जोडप्रश्न. एजंट तेवढेच सांगतो आणि जाहिरातीतही तेवढेच छापलेले असते. पण भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचा हिशेब पहिल्या वर्षाच्या भाड्याने बिघडत नाही, कारण ते भाडे परवडते की नाही हे पाहूनच आपण घर घेतलेले असते. हिशेब बिघडतो तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी. मुले शाळेत रुळलेली असतात, घरातल्या वृद्धांना हाकेच्या अंतरावर डॉक्टर सापडलेला असतो, कामाला येणाऱ्या बाईंची वेळ बसलेली असते, आणि घर बदलणे सर्वांत जड जाणार अशा वेळी मालकाचा वाढीचा निरोप येतो. आकडे मांडून पाहू. एक घर ३०,००० रुपये भाड्याचे आहे, दर वर्षी वाढ ५ टक्के. दुसरे २८,००० रुपयांचे, पण वाढ १० टक्के. पहिल्या वर्षी दुसऱ्या घरात २४,००० रुपये वाचतात. तिसऱ्या वर्षी ते पहिल्या घराच्या पुढे जाते: ३३,०७५ विरुद्ध ३३,८८०. पाचव्या वर्षी पहिल्या घराचे भाडे ३६,४६५ असते, तर दुसऱ्याचे ४०,९९५. पाच वर्षांची बेरीज केली तर स्वस्त म्हणून घेतलेल्या घरात सुमारे ६२,००० रुपये जास्त गेलेले असतात. वाढीच्या दराकडे न पाहता घर निवडणे म्हणजे व्याजदर न विचारता कर्ज घेणे आहे.

माफक भाडेवाढ हा नशिबाचा भाग आहे, चांगला मालक मिळाला तर मिळाला, असे आपल्याकडे गृहीत धरलेले असते. मला हे मान्य नाही. मालकाचा स्वभाव महत्त्वाचा असतो, पण तो भाडेकरूला आधी कळत नाही आणि मालक बदलला, वारसांत वाटणी झाली, मुलाने व्यवहार हातात घेतला की त्या स्वभावाचा आधारही संपतो. टिकते ती इमारत. तिचे वय, तिची मालकी, तिच्यावरचे कर्ज, तिला लागू असलेला कायदा, तिचा पुनर्विकास किती जवळ आला आहे, तिच्यातली किती घरे भाड्याने दिलेली आहेत, या गोष्टींवर भाडे कसे वाढणार हे बऱ्याच अंशी ठरते, आणि यातल्या बहुतेक गोष्टी घर घेण्याआधी तपासता येतात. म्हणून घराआधी इमारत शोधावी. पुढची गोष्ट अशी की, ही शोधाशोध एकेकट्या भाडेकरूवर सोडून देण्याचे कारण महाराष्ट्रात तरी उरलेले नाही. इमारतीगणिक भाड्याची माहिती सरकारच्या दफ्तरात आहे, फक्त ती भाडेकरूला वापरता येईल अशा रूपात नाही.

महाराष्ट्रात भाडेवाढीचा विषय काढला की पहिली आठवण पागडीची निघते, त्यामुळे तो इतिहास आधी पाहिला पाहिजे. मुंबईत भाड्यावर पहिले कायदेशीर बंधन आले ते पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली. दुसऱ्या युद्धाच्या तोंडावर १९३९ मध्ये ते पुन्हा आले आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने त्याला व्यापक रूप दिले. फाळणीनंतरचे लोंढे, बांधकाम साहित्याचा तुटवडा, गिरण्यांत काम करणाऱ्यांची गर्दी पाहता तो कायदा त्या वेळी आवश्यकच होता. अनर्थ झाला तो त्यातल्या एका तरतुदीने. प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधले गेले आणि जवळजवळ अर्धे शतक तिथेच राहिले. या काळात सिमेंट, लाकूड, मजुरी, पालिकेचे कर, सगळे अनेक पटींनी वाढले. भाड्यातून जिन्याचा कठडाही दुरुस्त होईना. मालकांनी दुरुस्ती सोडली आणि सरकारला १९६९ च्या कायद्याने उपकर लावून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. त्या वेळी दक्षिण व मध्य मुंबईत १९,६४२ उपकरप्राप्त इमारती मोजल्या गेल्या. त्यातल्या अनेक आज उभ्या आहेत, आणि दर पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. भाडे शून्याने वाढणे भाडेकरूच्या हिताचे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही घटना डोळ्यांसमोर ठेवावी. न वाढणारे भाडे शेवटी छताच्या रूपाने अंगावर येते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात, गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे स्पष्ट म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करण्याची मुभा मालकाला दिली. टक्का वाजवी आहे. पाया मात्र जुनाच राहिला. २०० रुपये भाड्यावर ४ टक्के म्हणजे महिना ८ रुपये. त्याच कायद्याने पागडी घेण्याला मान्यताही दिली. दुसऱ्या बाजूला लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस आहे, आणि आज शहरात नव्याने घर शोधणारा जवळजवळ प्रत्येक जण तोच आहे. त्याला प्रमाण भाड्याचे संरक्षण नाही. मुदत संपली की घर सोडायचे. न सोडल्यास कलम २४ प्रमाणे दुप्पट शुल्काने भरपाई द्यायची. नूतनीकरणाच्या वेळी मालक ५ टक्के मागेल की ३० टक्के, यावर कायदा काहीही बोलत नाही. म्हणजे एकाच रस्त्यावर, कधी तर एकाच इमारतीत, काही शे रुपये भरणारा पागडीचा भाडेकरू आणि पन्नास-साठ हजार भरणारा लायसन्सधारक शेजारी राहतात. एकाचे भाडे जवळजवळ वाढतच नाही, दुसऱ्याचे किती वाढेल ते सांगता येत नाही. वाढेल, पण मोजून वाढेल, अशी मधली जागा आपल्या कायद्याने तयारच केली नाही. भाडेकरूची खरी गरज तीच आहे.

ही मधली जागा इतरत्र कशी तयार झाली हे पाहण्यासाठी न्यू यॉर्कचे उदाहरण उपयोगी आहे, कारण तिथे हिशेबाचे एकक इमारत हेच आहे. १९६९ मध्ये सुरू झालेली आणि १९७४ मध्ये विस्तारलेली तिथली भाडे-स्थिरीकरणाची पद्धत ढोबळ मानाने १९७४ पूर्वी बांधलेल्या, सहा किंवा अधिक घरांच्या इमारतींना लागू होते. करसवलत घेऊन बांधलेल्या काही नव्या इमारतीही त्या सवलतीच्या बदल्यात तिच्या कक्षेत येतात. अशी सुमारे दहा लाख घरे आहेत. त्यांची वाढ दर वर्षी नऊ जणांचे मंडळ ठरवते: दोन मालकांचे प्रतिनिधी, दोन भाडेकरूंचे, पाच जनतेचे, सगळे महापौरांनी नेमलेले. कर, इंधन, विमा, दुरुस्ती यांचा खर्च किती वाढला याचा अहवाल समोर ठेवून, जाहीर सुनावण्या घेऊन, उन्हाळ्यात मतदान होते. २०१५ आणि २०१६ मध्ये एक वर्षाच्या करारांना शून्य टक्के वाढ मिळाली. महागाई भडकली तेव्हा २०२२ मध्ये ३.२५ टक्के दिली गेली, २०२३ मध्ये ३ टक्के, २०२४ मध्ये २.७५ टक्के, २०२५ मध्ये पुन्हा ३ टक्के. दोन वर्षांचा करार हवा असेल तर त्याचा दर वेगळा, आणि निवड भाडेकरूची. घर शोधणारा माणूस इमारत कोणत्या साली बांधली, तिच्यात घरे किती, हे आधी पाहतो. स्थिरीकरणाखालच्या इमारतींच्या याद्या भागवार प्रसिद्ध आहेत. आणि आत राहायला गेल्यावर त्या घराच्या आधीच्या नोंदलेल्या भाड्यांचा इतिहास राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे अर्ज करून मागवता येतो. आधीच्या भाडेकरूकडून किती घेत होते, मधेच आकडा का उडाला, हे त्याला कागदावर दिसते. जॅक्सन हाइट्ससारख्या भारतीय वस्तीच्या भागात नव्याने येणारे लोक अनुभवी शेजाऱ्यांकडून ही तपासणी शिकतात. नदीपलीकडच्या जर्सी सिटीत, जिथे आपल्याकडचे अनेक तरुण संगणक-व्यवसायासाठी जाऊन राहिले आहेत, तिथेही पाच किंवा अधिक घरांच्या जुन्या इमारतींत वाढीला ४ टक्के किंवा महागाईचा दर, यांपैकी जे कमी असेल त्याची मर्यादा आहे.

न्यू यॉर्कमध्ये सगळे सुरळीत आहे असे मात्र नाही. २०२३ च्या पाहणीत तिथल्या भाड्याच्या घरांपैकी रिकामी आणि उपलब्ध घरे फक्त १.४१ टक्के होती, १९६८ नंतरची सर्वांत कमी. म्हणजे माफक वाढीची इमारत ओळखता येते, पण तिथे जागा मिळणे दुरापास्त असते. २०१९ च्या कायद्याने घराच्या नूतनीकरणाचा खर्च भाड्यात चढवण्यावर १५ वर्षांत १५,००० डॉलरची मर्यादा घातली, ती २०२४ मध्ये वाढवली जाईपर्यंत लागू होती. एवढ्यात जुनी घरे राहण्याजोगी होत नाहीत, म्हणून ती कुलूप लावून ठेवलेली बरी, अशी मालकांची तक्रार होती, आणि ती पूर्णपणे खोटी म्हणता येणार नाही. २०२५ मध्ये झोहरान ममदानी भाडे गोठवण्याचे आश्वासन देऊन महापौरपदी निवडून आले. मुंबईचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला गोठवणे हा शब्द ऐकून काळजी वाटावी, हे स्वाभाविक आहे. एक-दोन वर्षे गोठवणे सोसते; गोठवण्याची सवय लागली की इमारत सोसत नाही. तरीही त्या पद्धतीचा गाभा घेण्यासारखा आहे: वाढ दर वर्षी खर्च पाहून ठरते, आणि कोणत्या इमारतीला ती लागू आहे हे उघड असते.

आपल्याकडे इमारतीवर भर देण्याला एक सरळ हरकत घेतली जाईल. न्यू यॉर्कमध्ये अख्खी इमारत एका मालकाची असते. मुंबई-पुण्यात भाड्याची बहुतेक घरे सहकारी सोसायटीतल्या सुट्या सभासदांची असतात. तिसऱ्या मजल्यावरचा मालक दुबईत, पाचव्यावरची मालकीण निवृत्त शिक्षिका. यांच्या भाडेवाढीला इमारतीचा काय संबंध? संबंध आहे. कुठलाही मालक भाडे ठरवताना आपल्याच इमारतीतल्या दुसऱ्या घराला किती मिळाले हे आधी विचारतो, आणि हा भाव फिरवणारे एक-दोन एजंटच त्या इमारतीत काम करत असतात. मेंटेनन्स, पाणी, लिफ्ट, पार्किंग सगळ्यांना समान. सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क समान. राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपुरते मर्यादित केले आहे, त्यामुळे सोसायटीने शुल्क वाढवले म्हणून भाडे वाढवतो, हे मालकाचे कारण आकड्यात फार मोठे नसते. मुख्य म्हणजे पुनर्विकासाचे वेळापत्रक समान असते. सुटे मालक वेगवेगळे वागतात, पण सगळे एकाच इमारतीच्या परिस्थितीत वागतात.

मग इमारत वाचायची कशी? तीन प्रकारच्या इमारतींचा विचार करू, कारण शहरात भाड्याचा मोठा व्यवहार त्यांच्यातच होतो. पहिली, नुकतेच भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली उंच इमारत. ताबा मिळाला की गुंतवणूक म्हणून घेतलेली डझनावारी घरे एकदम भाड्याच्या बाजारात येतात. मालकांना हप्ते भरायचे असतात, घर रिकामे ठेवणे परवडत नाही, म्हणून पहिल्या वर्षी भाडे आसपासच्या मानाने कमी लागते. इमारत भरत गेली, खाली दुकाने आली, पाण्याची घडी बसली की तो दबाव संपतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भाडे उडी मारते. अशा इमारतीत ११ महिन्यांच्या करारावर राहायला जाणे म्हणजे उडीच्या आधी दार उघडे ठेवणे. तिथे जायचेच असेल तर मालक गरजू असतानाच, पहिल्याच वर्षी, तीन वर्षांचा करार वाढीच्या टक्क्यासह लिहून घ्यावा. दुसरा प्रकार पुनर्विकासाच्या वाटेवरच्या सोसायटीचा. सल्लागार नेमला आहे, निविदा निघाल्या आहेत, सभासदांच्या सभा चालू आहेत. इथे भाडे कमी आणि वाढही नरम असते, कारण मालकाचे लक्ष नव्या घराकडे लागलेले असते. पण मुक्काम किती हे कोणी सांगू शकत नाही. ज्या कुटुंबाला शाळेची चार वर्षे एका पत्त्यावर काढायची आहेत त्यांनी सोसायटीच्या सचिवांना थेट विचारावे की पुनर्विकासासाठी विशेष सर्वसाधारण सभा झाली आहे का. पुनर्विकासाचा दुसरा परिणाम शेजारच्या इमारतींवर होतो. रिकाम्या झालेल्या इमारतीतले रहिवासी मुलांची शाळा आणि ओळखीचा बाजार न सोडता त्याच भागात घर शोधतात, आणि त्यांचे भाडे बिल्डर देणार असतो, त्यामुळे ते जास्त देऊ शकतात. मुलुंड, घाटकोपर, चेंबूर, पार्ले, बोरिवली अशा उपनगरांत एकाच वेळी अनेक सोसायट्या पाडायला निघाल्या की आसपासची भाडी चढतात ती या कारणाने. तेव्हा इमारत पाहताना तिच्या चार बाजूंच्या इमारतीही पाहाव्यात.

तिसऱ्या प्रकारावर थोडे थांबायला हवे, कारण माफक वाढ बहुधा तिथे सापडते. पंधरा ते पंचवीस वर्षांची, मध्यम उंचीची, डागडुजी नीट असलेली सोसायटी, जिथे बहुसंख्य सभासद स्वतः राहतात आणि भाड्याची घरे थोडी असतात. मालकांचे गृहकर्ज बहुतेक फिटलेले असते, त्यामुळे हप्त्याच्या तालावर भाडे वाढवण्याची घाई नसते. राहते सभासद मेंटेनन्सवर लक्ष ठेवतात. इमारतीला तीस वर्षे झालेली नसल्यामुळे पुनर्विकासाचे वारे अजून शिरलेले नसते. मुंबईत तीस वर्षांनंतर संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब खाली सक्तीची होते आणि बहुधा तिथूनच पुनर्विकासाची चर्चा सुरू होते. शेजारधर्मामुळे चांगला भाडेकरू टिकवावा अशी इच्छाही असते. अशा इमारतीचे पहिल्या वर्षाचे भाडे नव्या टॉवरइतके चकचकीत-स्वस्त नसेल, पण पाचव्या वर्षाचे भाडे सांगता येण्याजोगे असते. घर पाहायला गेल्यावर वॉचमनला आणि शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारावेत: आधीचे भाडेकरू किती वर्षे होते, आणि ते का गेले? चार-पाच वर्षे राहून बदली झाली म्हणून गेले, असे उत्तर मिळाले तर ती इमारत बहुतेक ठीक आहे. दर वर्षी नवे कुटुंब येत असेल तर वाढीचा टक्का वेगळा विचारायची गरज नाही.

इथे मालकाची बाजू ऐकली पाहिजे, कारण ती खरी आहे. निवासी घरातून मिळणारे भाडे आपल्या शहरांत घराच्या किमतीच्या साधारण दोन ते चार टक्के असते. दीड कोटींच्या घरातून वर्षाला चार लाख मिळत असतील, त्यातून मालमत्ता कर, मेंटेनन्स, रंगकाम जात असेल, तर मालकाने वाढीवर आणखी पाणी का सोडावे? याचे उत्तर मालकाच्याच वहीत आहे. ३०,००० भाड्यावर ५ ऐवजी १० टक्के वाढ घेतली तर वर्षाला १८,००० रुपये जास्त मिळतात. त्या वाढीमुळे भाडेकरू गेला आणि घर एकच महिना रिकामे राहिले तर ३०,००० गेले. वर नव्या भाडेकरूसाठी दलाली, रंग, नळदुरुस्ती. एक रिकामा महिना म्हणजे वर्षाच्या भाड्याचा बारावा भाग, ८.३ टक्के, वाढीचा सगळा फायदा त्यात बुडतो. हे गणित बहुतेक मालकांना पटते. जास्त वाढीचा आग्रह धरणारा अनेकदा मधला माणूस असतो. भाडेकरू बदलला की एजंटला दोन्हीकडून दलाली मिळते, साधारण एक महिन्याच्या भाड्याएवढी. तोच भाडेकरू पाच वर्षे राहिला तर काहीच मिळत नाही किंवा नूतनीकरणाचे थोडे मिळते. बाजारभाव एवढा झालाय, असे मालकाला दर वर्षी सांगणाऱ्याचा लाभ कशात आहे, हे मालक आणि भाडेकरू दोघांनी ओळखले पाहिजे आणि नूतनीकरणाचे बोलणे समोरासमोर करावे.

आता ११ महिन्यांविषयी. हा आकडा इतका रुजला आहे की अनेकांना तो कायदाच वाटतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, ती टाळण्यासाठी देशभर ११ महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात या प्रथेला आता आधारच नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि मालकाला दंड वा कैद होऊ शकते. म्हणजे ११ महिने लिहून नोंदणी चुकत नाही. मुद्रांक शुल्काचा दरही ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला एकच आहे, एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, डिपॉझिटवरचे मानीव व्याज धरून. वर दिलेल्या ५ टक्के वाढीच्या घराचा पाच वर्षांचा करार केला तर शुल्क पाच हजारांच्या आसपास बसते. मालकाची जुनी भीती वेगळी आहे: भाडेकरू बसून राहील. १९७३ मध्ये कायदा दुरुस्त होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले, त्या धक्क्यातून ही भीती पिढ्यान्‌पिढ्या उतरली. परंतु आज कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे घर परत मिळवण्याचा वेगळा मार्ग आहे, आणि तो ११ महिन्यांच्या करारालाही तसाच लागू आहे, ६० महिन्यांच्याही. जोखीम वाढत नसेल, खर्च वाढत नसेल, तर तीन किंवा पाच वर्षांचा करार, दर वर्षीची वाढ त्यातच लिहून, भाडेकरूने एक-दोन महिन्यांची नोटीस देऊन सोडण्याच्या मुभेसह, हा दोघांच्या हिताचा आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यातही हाच विचार आहे. करार चालू असताना वाढ होणार ती लिहिलेल्या अटीप्रमाणेच, बदल हवा असेल तर तीन महिने आधी लेखी सूचना, आणि निवासी घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नाही. पण भाडे हा राज्यांचा विषय आहे आणि आपल्याकडे आधार १९९९ च्या कायद्याचाच आहे.

भाड्यावर कुठलाही लगाम घातला की घरे कमी होतात, हा अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला पुरावा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ मध्ये १९८० पूर्वीच्या छोट्या इमारती नियंत्रणाखाली आल्या. त्यांचा अभ्यास करून रेबेका डायमंड, टिम मॅक्वेड आणि फ्रँकलिन चिआन यांनी २०१९ मध्ये दाखवले की आत राहणाऱ्यांना फायदा झाला, ते आपल्या पत्त्यावर टिकले. पण मालकांनी अशी भाड्याची घरे १५ टक्क्यांनी कमी केली आणि शहरातली एकूण भाडी सुमारे ५ टक्क्यांनी वाढली. मिनेसोटातल्या सेंट पॉलने २०२१ मध्ये नव्या बांधकामांसह सगळ्यांवर ३ टक्क्यांची मर्यादा घातली, बांधकाम परवान्यांचे अर्ज आटले, आणि पुढच्याच वर्षी नव्या इमारतींना वीस वर्षे सूट द्यावी लागली. मुंबईचा पुरावा तर याहून कडवा आहे. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनुसार शहरी भारतात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले, आणि २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी होती. घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप बरे, असे लाखो मालकांना वाटावे यात कायद्याबद्दलचा अविश्वास मोठा आहे. हे सगळे मान्य करूनच मी म्हणतो की पहिली मागणी नव्या मर्यादेची नसावी. पहिली मागणी माहितीची असावी. माहिती उघड केल्याने एकही घर बाजारातून जात नाही.

ही माहिती आहे कुठे? राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाकडे. कलम ५५ मुळे महाराष्ट्रात दर वर्षी लाखो लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवले जातात, बहुतेक आता ऑनलाइन. प्रत्येकात पत्ता, क्षेत्रफळ, मुदत, डिपॉझिट, भाडे आणि वर्षागणिक वाढ लिहिलेली असते. चित्रपट कलावंतांनी अमुक इमारतीत घर भाड्याने दिले, पहिल्या वर्षी इतके, दुसऱ्या वर्षी इतके, अशा बातम्या वर्तमानपत्रांत येतात त्या याच नोंदींतून. पाली हिलवरच्या घराचे तिसऱ्या वर्षाचे भाडे वाचकाला कळते, आणि डोंबिवली, कोथरूड, वाकडला घर शोधणाऱ्या कारकुनाला किंवा परिचारिकेला आपण जाणार त्या इमारतीत गेली तीन वर्षे भाडे किती वाढले हे कळत नाही. एकेक दस्त शोधून पैसे भरून पाहणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले काम नाही. विभागाने एवढेच करावे: इमारत किंवा सोसायटीच्या नावाने, किमान पाच करार असतील तिथे, कुणाचेही नाव वा घरक्रमांक न देता, चौरस फुटामागे मधले भाडे, करारांची सरासरी मुदत आणि नोंदवलेली वार्षिक वाढ दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावी. खासगीपणाची शंका रास्त आहे, पण नाव आणि घरक्रमांक वगळल्यावर तिच्यात फारसे उरत नाही. आज उपलब्ध असलेले दस्त यापेक्षा कितीतरी अधिक उघडे आहेत. जर्मन शहरे भाड्यांची तुलनात्मक सारणी प्रसिद्ध करतात आणि वाढ योग्य की अयोग्य हा वाद तिच्या आधारे सुटतो. आपल्याकडे तर नवे सर्वेक्षणही नको. कागद सक्तीने गोळा झालेलाच आहे.

दुसरे काम मोठे आणि सावकाश होणारे आहे. माफक वाढीची सर्वांत भक्कम हमी मालकीतून येते. व्हिएन्नात शहराच्या मालकीची सुमारे २,२०,००० घरे आहेत आणि मर्यादित नफ्याच्या संस्थांची जवळजवळ तितकीच. शहरातली निम्मी वस्ती त्यांत राहते. मर्यादित नफ्याच्या घरांत भाडे इमारतीच्या खर्चाला बांधलेले असते, म्हणून बाजार तापला तरी ते सावकाश चालते. आपल्यालाही सार्वजनिक भाड्याच्या घरांचा वारसा होता. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बांधलेल्या २०७ बीडीडी चाळी सरकारच्या मालकीच्या भाड्याच्या इमारतीच होत्या. त्यांतल्या बहुतेकांच्या जागी आता मालकीची घरे उभी राहत आहेत. त्या रहिवाशांना हक्काचे घर मिळणे न्याय्यच आहे. पण शहराला भाड्याच्या घरांची गरज संपलेली नसताना सरकारने भाड्याने द्यायची नवी इमारत बांधणे जवळजवळ सोडून दिले, ही माझ्या मते गृहधोरणातली मोठी चूक आहे. म्हाडाच्या नव्या प्रकल्पांतला एक ठरावीक वाटा कायम भाड्याने देण्यासाठी राखला आणि त्याची वाढ खर्चाच्या निर्देशांकाला बांधली, तर प्रत्येक उपनगरात तुलनेसाठी एक प्रामाणिक आकडा तयार होईल. खासगी मालकालाही त्याच्याकडे पाहून भाडे ठरवावे लागेल.

तोपर्यंत वाचकाने स्वतःपुरते एवढे करावे. पुढचे घर पाहायला जाल तेव्हा पहिल्या महिन्याचे भाडे विचारून थांबू नका. पाचव्या वर्षी किती होईल हे मालकाला विचारा, तो आकडा करारात लिहून घ्या, आणि करार ११ नव्हे, किमान ३६ महिन्यांचा नोंदवा.